फिलिपिन्सची जुनी घरे आणि राष्ट्राची निवडक आठवण

दरवर्षी 12 जूनला मनिलाजवळच्या कावित गावात स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांच्या घरासमोर फिलिपिन्सचा राष्ट्रध्वज चढवला जातो, आणि जमलेल्या पाहुण्यांची व विद्यार्थ्यांची नजर साहजिकच घराच्या दर्शनी भागातील नक्षीदार सज्जाकडे जाते. स्पेनच्या सत्तेपासून मुक्त झाल्याची घोषणा 1898 साली याच घरातून झाली आणि आम्ब्रोसिओ रियान्सारेस बाउतिस्ता यांनी जाहीरनामा येथेच वाचला, यात शंका नाही. सज्जा मात्र त्या दिवशी तेथे नव्हता. घोषणा दिवाणखान्याच्या खिडकीतून झाली होती. सज्जा आगिनाल्दो यांनी पुढे कित्येक वर्षांनी घराची फेररचना करताना बांधून घेतला. 1963 मध्ये त्यांनी हे घर सरकारला दिले, पुढच्याच वर्षी ते वारले, आणि राष्ट्राच्या हाती आले ते घर म्हणजे 1898 चे घर अधिक मालकाने स्वतःच्या इतिहासावर केलेली मखलाशी असे मिश्रण होते.

मालकाने आपल्या घरात फेरफार करणे हा काही अपराध नव्हे. प्रश्न त्यापुढचा आहे. एखादे राष्ट्र जेव्हा खाजगी घराला ‘आपला वारसा’ म्हणते, तेव्हा ते नेमके काय जपू पाहते? फिलिपिन्समध्ये गेली काही दशके या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सौंदर्याच्या आणि अभिमानाच्या बाजूने दिले गेले आहे: घर देखणे असावे, नाहीतर एखाद्या वीराचे असावे. ही कसोटी अपुरी आहे असे माझे मत आहे. घर ज्या जागी उभे आहे त्या जागी टिकले, आणि त्यात कोण कोण राबले, कोणी काय भोगले याचा पूर्ण हिशेब त्याच्यासोबत टिकला, तरच त्याला राष्ट्राचा वारसा म्हणण्यात अर्थ आहे. त्याचबरोबर, हा भार एकट्या मालकाच्या खांद्यावर टाकून सरकारला केवळ फलक लावण्यापुरते उरता येणार नाही.

ही घरे मुळात कशी आहेत ते आधी पाहिले पाहिजे, कारण वादाचा बराचसा भाग त्यांच्या रचनेतच दडलेला आहे. ‘बाहाय ना बातो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पॅनिशकालीन घराचा तळमजला दगडाचा आणि वरचा मजला लाकडाचा असतो. 1645 च्या भूकंपाने मनिलातील दगडी इमारती आडव्या केल्या, आणि नुसता दगड या भूमीत टिकत नाही, हा धडा बांधणाऱ्यांनी घेतला. त्यामुळे पुढच्या घरांत छपराचा भार मोलावेसारख्या कठीण लाकडाच्या खांबांवर राहिला आणि दगडी भिंत बऱ्याच अंशी पडद्यासारखी उभी राहिली. जमिनीपासून उंच उचललेल्या, बांबू आणि निपा-ताडाच्या पानांच्या झोपडीची, म्हणजे ‘बाहाय कुबो’ची, समज या श्रीमंत घरांनीही सोडली नव्हती. 1880 च्या भूकंपांनंतर जड कौले जाऊन पत्रे आले. वरच्या मजल्याच्या सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी कापीझ शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले असतात. त्यांतून ऊन मऊ होऊन आत येते. खिडकीच्या खाली कठड्याची आणखी एक बुटकी झडप असते, ती रात्रीही उघडी ठेवता येते आणि वारा जमिनीलगत खेळत राहतो. गोव्यातील जुनी घरे पाहिलेल्या वाचकाला शिंपल्यांच्या खिडक्या अनोळखी वाटणार नाहीत; तीच शिंपल्याची जात तिकडे पोर्तुगीज अमलात आणि इकडे स्पॅनिश अमलात तावदानांच्या कामी आली.

मात्र या घरात पाहुण्याने दिवाणखान्यापाशीच थांबू नये. खालून वर जाताना मध्ये एक कमी उंचीचा मजला लागतो. तेथे जमीनमालकाच्या भेटीसाठी आलेली कुळे ताटकळत बसत. वर, खोल्यांच्या बाहेरच्या अंगाने, खिडक्यांना लागून एक अरुंद सज्जावजा वाट घरभर फिरते. ऊन आणि पाऊस अडवणे हा तिचा एक उपयोग. दुसरा असा की नोकरमाणसांनी बैठकीतून न जाता या खोलीतून त्या खोलीत जावे. म्हणजे घरात कोणी कोठून चालावे आणि कोणी कोठे थांबावे, हे सुताराने लाकडातच ठरवून दिले होते. तळमजल्यावर बग्ग्या, मिरवणुकीतील संतांच्या मूर्तींचे रथ आणि धान्य ठेवले जाई. एवढे सर्व डोळ्यांसमोर असताना या घरांची माहिती देताना पियानो, आरसे आणि नारा लाकडाच्या रुंद फळ्यांवरच बोलत राहणे म्हणजे त्या बाहेरच्या वाटेवरून चालणाऱ्यांना पुन्हा एकदा बैठकीबाहेर ठेवणे होय.

नेग्रोस बेटावर हे फार ठळकपणे जाणवते. सिलाय शहरातील ‘बालाय नेग्रेन्से’ हे व्हिक्तोर गास्तोन यांचे 1897 चे घर आज संग्रहालय आहे, आणि त्याच शहरात साखरेच्या पैशावर उभी राहिलेली जुनी घरे आजही मोठ्या संख्येने आहेत. शेजारच्या तालिसाय गावी लाक्सोन कुटुंबाच्या जळालेल्या हवेलीचे अवशेष आहेत. जपानी सैन्याला तिचा तळ म्हणून उपयोग होऊ नये यासाठी दुसऱ्या महायुद्धात ती फिलिपिनो लढवय्यांनीच पेटवली. आज तेथे संध्याकाळच्या दिव्यांत पर्यटक छायाचित्रे काढतात आणि मालकाने दिवंगत पत्नीच्या आठवणीसाठी हवेली बांधल्याची कथा ऐकतात. कथा हृद्य आहेच. पण ऊसतोडीसाठी शेजारच्या पानाय बेटावरून हंगामापुरते आणले जाणारे ‘साकादा’ मजूर त्या कथेत कोठे आहेत? 1980 च्या दशकाच्या मध्यावर जगाच्या बाजारात साखरेचे भाव कोसळले, तेव्हा याच बेटावर मजुरांची मुले उपासमारीने दगावली. 20 सप्टेंबर 1985 रोजी एस्कालान्ते येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन 20 जण ठार झाले. हा त्या घरांचाच इतिहास आहे, कारण ज्या उसाने घरे बांधली त्याच उसाने ही माणसेही राबवली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, की वास्तूचे जतन हे वास्तुकलेचे काम आहे, त्यात वर्गसंघर्ष कशाला आणायचा. गोव्यातील भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे) यांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला या आक्षेपातील पोकळपणा वेगळा सांगावा लागू नये. चांदोरचे ब्रागांझा कुटुंबाचे प्रशस्त घर पाहणाऱ्याने 1975 चा मुंडकार कायदा का करावा लागला हेही समजून घेतले, तर त्या घराची शान कमी होत नाही. ते घर गावाच्या नकाशावर परत येते इतकेच. नेग्रोसच्या घरांनाही हेच लागू आहे.

टिकण्याच्या बाबतीत गरिबाचे घर मुळातच मागे पडते. कातिपुनान या गुप्त क्रांतिसंघटनेचा नेता आंद्रेस बोनिफासिओ मनिलाच्या तोंदो वस्तीत 1863 साली जन्मला. त्याचे जन्मघर आज उरलेले नाही. त्याची विधवा ग्रेगोरिया दे हेसुस पुढे संगीतकार हुलिओ नाकपिल यांच्याशी विवाहबद्ध झाली, आणि तिची आठवण आज सांगितली जाते ती कियापो भागातील नाकपिल-बाउतिस्ता यांच्या 1914 च्या ऐसपैस घरात. पहिल्या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान आपोलिनारिओ माबिनी यांचे पाय लुळे होते. 1903 मध्ये ते पटकीने वारले ते मनिलातील पासिग नदीकाठच्या एका साध्या, निपाने शाकारलेल्या घरात. ते घर वाचले हे विशेषच म्हणायचे, पण त्यालाही जागेवर राहू दिले नाही: एकदा पुलाच्या कामापायी आणि नंतर नदीच्या पूरनियंत्रणापायी त्याला बस्तान हलवावे लागले, आणि आता ते एका सरकारी विद्यापीठाच्या आवारात आहे.

घर हलवण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर सध्याच्या सर्वांत मोठ्या वादाकडे वळले पाहिजे. बाताआन प्रांतात बागाक येथे समुद्रकिनाऱ्यावर होसे आकुझार या बांधकाम व्यावसायिकाने देशभरातील जुनी घरे विकत घेऊन, फळी-फळी आणि दगड-दगड सोडवून, पुन्हा उभारली आहेत, आणि 2010 पासून ती जागा ‘लास कासास फिलिपिनास दे आकुझार’ या नावाने निवासी पर्यटनस्थळ म्हणून चालते. मनिलाच्या बिनोंदो भागातील ‘कासा बिझान्तिना’ तेथे आहे. कियापोच्या इदाल्गो रस्त्यावरील एन्रीकेझ यांचे घरही तेथेच आहे. फिलिपिन्स विद्यापीठाची ललितकला शाळा सुरुवातीला ज्या घरात भरली ते हे घर. इदाल्गो रस्ता एके काळी मनिलातील सर्वांत सुंदर रस्त्यांत गणला जात असे.

समर्थकांचे म्हणणे साधे आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ही घरे आपापल्या जागी कोसळत होती. कोठे वाळवी, कोठे पोटभाडेकरूंची दाटी, कोठे विकून मोकळे होण्याच्या विचारातले वारस. कोणीतरी पैसा घातला, म्हणून आज निदान ती पाहता तरी येतात. शिवाय, घर उचलून नेणे फिलिपिनो परंपरेला परके नाही. गावातली माणसे बांबूचे दांडे खाली घालून एखाद्याची झोपडी खांद्यावर घेत आणि नव्या जागी नेऊन ठेवत. ‘बायानिहान’ हा शब्द आज एकमेकांच्या मदतीला धावण्यासाठी वापरतात तो या चित्रावरूनच. उत्तरेकडील इफुगाओ लोकांची घरेही खिळ्यांविना जोडलेली असतात आणि सोडवून दुसरीकडे उभारता येतात.

परंतु हाच दाखला नीट पाहिला तर तो बागाकच्या विरुद्ध जातो. बायानिहानमध्ये घर हलवणारे शेजारी असतात, हलवण्याची गरज घरमालकाची असते, आणि घर ज्यांच्यात उभे होते त्यांच्याच नजरेसमोर, बहुधा त्याच गावात, पुन्हा उभे राहते. बागाकला गेलेले घर विकत घेणाऱ्याच्या गरजेने हलले. ज्या रस्त्याचे ते होते त्या रस्त्याला कोणी विचारले नाही. कियापोचा इदाल्गो रस्ता अशा एकेका घराला मुकत गेला, तसतशी उरलेली घरे वाचवण्याची कारणेही कमी होत गेली. शेजारची दोन घरे गेली की तिसरे घर निव्वळ जुनाट दिसू लागते. किनाऱ्यावर तर परस्परांशी काही संबंध नसलेली घरे एका ओळीत मांडलेली आहेत: उत्तरेकडचे दक्षिणेकडच्या शेजारी, व्यापाऱ्याचे जमीनदाराच्या शेजारी. लाकूड खरे आहे, कोरीवकामही बऱ्याच अंशी खरे आहे. गाव तेवढे खोटे आहे.

लागुना प्रांतातील बिन्यान शहरात हा वाद टोकाला गेला. तेथील आल्बेर्तो घर हे फिलिपिन्सचे राष्ट्रवीर आणि लेखक होसे रिझाल यांच्या आई तेओदोरा आलोन्सो यांच्या माहेरचे. भावाच्या पत्नीवर विषप्रयोग करण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून तेओदोरा यांना कालाम्बाहून सांता क्रूझपर्यंत सुमारे 50 किलोमीटर पायी चालवत नेले गेले आणि दोन-अडीच वर्षे तुरुंगात ठेवले गेले. लहानग्या रिझाल यांच्या मनात स्पॅनिश न्यायव्यवस्थेविषयी पहिली अढी बसली ती तेव्हा. असे घर 2010 च्या सुमारास आकुझार यांना विकले जाऊन उतरवले जाऊ लागले, तेव्हा शहराने विरोध केला, पुढे ती जागा सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेण्याचा मार्ग धरला, आणि आज तेथे जुन्या घराच्या धर्तीवर पुन्हा उभारलेली वास्तू आहे. जुने लाकूड गमावून जागा राखणे हा सौदा तोट्याचा झाला असे काही जण म्हणतील. मला तो नफ्याचा वाटतो, कारण बिन्यानच्या चौकात ते घर कालाम्बाच्या रस्त्याला जोडलेले राहते, आणि तेओदोरा यांची पायपीट समजण्यासाठी तो रस्ता लागतो.

नक्कल म्हणजे वारसा नव्हे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी कालाम्बा येथील रिझाल यांच्या घराचाही विचार करावा. तेथील डोमिनिकन धर्मगुरूंच्या मालकीच्या जमिनीवरून 1890-91 मध्ये कुळांना हुसकावले गेले, त्यांत रिझाल कुटुंबही होते, आणि पुढे मूळ घर नाहीसे झाले. आजचे घर वास्तुविशारद हुआन नाकपिल यांनी 1950 मध्ये त्याच जागी नव्याने बांधलेले आहे. घर नक्कल का आहे, याचे उत्तरच त्या ठिकाणचा खरा इतिहास आहे. ते उत्तर पाहुण्याला स्पष्टपणे सांगितले तर नकलेत अप्रामाणिक काही उरत नाही.

आता मालकाच्या बाजूने. फिलिपिन्सच्या 2009 च्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्याने पन्नास वर्षांहून जुन्या वास्तूंना, उलट निर्णय होईपर्यंत, महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता मानण्याचे तत्त्व आणले. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात घराच्या मालकाला त्यातून दिसले ते एवढेच की पाडायला परवानगी लागेल आणि दुरुस्तीला पैसे आपलेच लागतील. सरकारी निधीत अग्रक्रम मिळतो तो सर्वांत वरच्या श्रेणीतील राष्ट्रीय ठेव्यांना. गल्लीतील शंभर वर्षांच्या घराच्या वाट्याला बहुधा फलक येतो. त्यात फिलिपिन्सचा वारसाहक्काचा कायदा स्पॅनिश वळणाचा आहे, आणि मुलांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो. तीन पिढ्यांत एका घराचे डझनावारी सहमालक होतात. काही मनिलात, काही अमेरिकेत, आणि छप्पर गळते तेव्हा खर्चाला पुढे येणारी गावात राहिलेली एखादी आत्या. अशा घरात विकत घेणारा रोख रक्कम घेऊन आला, की सहमालकांचे अनेक वर्षांत प्रथमच एकमत होते. पुण्या-नाशिकचे वाडे ज्यांनी बिल्डरकडे जाताना पाहिले आहेत त्यांना या एकमताची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणूनच बागाकला शिव्या देऊन भागत नाही. ज्या घराला जागेवर ठेवण्याचा आग्रह समाज धरतो त्याच्या छपराचा आणि खांबांचा खर्च समाजाने वाटून घ्यावा, निदान मालमत्ता करात ठोस सवलत द्यावी, आणि त्या बदल्यात वर्षातील काही दिवस घर शाळांना खुले ठेवण्याची अट घालावी. हलवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी मोजमापे घेऊन आराखडे सार्वजनिक करावेत, गावाची सुनावणी घ्यावी, आणि रिकाम्या जागेवर काय होते ते लिहून ठेवावे. वारसा कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्थानिक शासनांवर आपल्या हद्दीतील सांस्कृतिक वारशाची नोंद करण्याची जबाबदारी टाकली आहे. ही नोंद निव्वळ दर्शनी भागांची छायाचित्रे जमवण्यात संपू नये.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी विगान आहे. चिनी वंशाच्या मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाच्या, व्यापाऱ्यांनी बांधलेल्या घरांचे हे उत्तरेकडील शहर महायुद्धातून बचावले, 1999 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्याने हे साधले ते मुख्यतः स्थानिक नियम व घरमालकांची संघटना यांच्या जोरावर. घराची डागडुजी कशी करावी याची सचित्र पुस्तिकाही तेथील मालकांसाठी काढली गेली. कायदेतज्ज्ञांच्या परिसंवादांपेक्षा अशी पुस्तिका अधिक घरे वाचवते, असे मला वाटते. विगानमध्येही पर्यटनाने क्रिसोलोगो रस्त्यावर आठवण-वस्तूंच्या दुकानांची गर्दी केली आहे आणि 27 जुलै 2022 च्या भूकंपाने अनेक घरांना तडे दिले आहेत. तरीही घरे तेथेच आहेत, आणि दुरुस्तीची चर्चा तेथील रहिवाशांबरोबर होते.

राहिला प्रश्न नकोशा आठवणींचा. फिलिपिन्सला हे जमतच नाही असे नाही. कावितहून फार लांब नसलेल्या मारागोंदोन गावात एक जुने घर सरकारने संग्रहालय म्हणून जपले आहे. 1897 मध्ये त्याच घरात आगिनाल्दो यांच्या क्रांतिकारी सरकारने आंद्रेस बोनिफासिओ यांच्यावर खटला चालवला, आणि 10 मे रोजी त्यांना ठार करण्यात आले. स्वातंत्र्याची घोषणा करणारे घर आणि क्रांतीने स्वतःच्या संस्थापकाला दोषी ठरवले ते घर, दोन्ही एकाच प्रांतात, दोन्ही सरकारच्या ताब्यात. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ही जोडी मुलांना अधिक शिकवते.

तोच न्याय बुलाकान प्रांतातील सान इल्देफोन्सो येथील ‘बाहाय ना पुला’ या तांबड्या घराला मात्र मिळालेला नाही. 23 नोव्हेंबर 1944 रोजी जपानी सैन्याने पाम्पांगा प्रांतातील मापानिकी गावावर हल्ला केला, पुरुषांना हालहाल करून मारले, आणि स्त्रियांना व मुलींना या घरात आणून त्यांच्यावर बलात्कार केले. वाचलेल्या स्त्रिया पुढे म्हातारपणी ‘मालाया लोलास’ या नावाने संघटित झाल्या. 2010 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. त्यानंतरच्या वर्षांत त्या खाजगी मालकीच्या घरातील लाकूडकाम उतरवले गेले आणि सांगाडा उरला. मनिलाच्या रोहास बुलेव्हार्डवर अशा स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेला पुतळाही 2018 मध्ये हलवला गेला. मार्च 2023 मध्ये महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने फिलिपिन्स सरकारने या स्त्रियांचे हक्क डावलले असा निष्कर्ष काढला, आणि त्या घराची जागा स्मारक म्हणून राखावी किंवा अन्यत्र तसे स्थळ उभारावे, अशी शिफारस केली.

त्या शिफारशीतील ‘किंवा’ सरकारने वापरू नये. दुसऱ्या जागी स्मारक बांधणे सोपे आहे, आणि त्याचे उद्घाटनही थाटात होईल. पण सान इल्देफोन्सोची जमीन मोबदला देऊन ताब्यात घ्यावी, उरलेल्या सांगाड्याला आधार द्यावा, घर नव्याने रंगवू नये, उतरवलेल्या लाकडाचा शोध घ्यावा, आणि हयात असलेल्या स्त्रियांची साक्ष त्यांच्या संमतीने तेथे ठेवावी. राष्ट्रीय इतिहास आयोगाने कावितचे घर जपताना जेवढा खर्च आणि जेवढे मनुष्यबळ लावले, तेवढेच येथेही लावावे, आणि ते लगेच लावावे, कारण 1944 च्या त्या दिवशीच्या सर्वांत लहान मुलीसुद्धा आज नव्वदीच्या आसपास आहेत.